कागलची शाळा आणि सीपीआरचा रस्ता

कागलच्या जहागीरदार घाटग्यांच्या घरातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. प्लेग लोकांच्या अंगवळणी पडला होता, आणि पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाची मानमोडी आली. कायदा करताना महाराजांच्या मनात मृत्युदर नसेलही. पण माणसं जगवण्यात शाळेचा वाटा किती, हे पुढं जगभर मोजलं गेलं.

जॉन कॉल्डवेल या अभ्यासकानं १९७९ मध्ये नायजेरियातल्या पाहणीवरून दाखवलं, की मूल जगण्या-मरण्याचा संबंध बापाच्या कमाईपेक्षाही आईच्या शिक्षणाशी घट्ट आहे. आता चौथी-पाचवी शिकलेल्या बाईला जंतुशास्त्र कुठलं कळणार? पण शाळेत गेलेल्या सुनेच्या शब्दाला घरात थोडं वजन येतं. पोर तापलं तर सासू हो म्हणेपर्यंत ती थांबत नाही. जुलाब लागले तर पाणी तोडत नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजते. डॉक्टरला उलट विचारते, गोळ्या अर्ध्यावर सोडत नाही. शिवाय शाळेपायी तिचं लग्न लांबतं, आणि कोवळ्या वयातलं बाळंतपण टळतं.

कॉल्डवेल यांनीच पुढं एक हिशेब मांडला. आया निरक्षर पण दवाखाना जवळ, अशा ठिकाणी आयुर्मान २० टक्क्यांनी वाढलं. आया शिकलेल्या पण दवाखाना नाही, तिथं ३३ टक्क्यांनी. आणि दोन्ही असतील तिथं ८७ टक्क्यांनी! दोन्हींची नुसती बेरीज ५३ होते. वरचे ३४ टक्के एकानं दुसऱ्याला दिलेल्या हाताचे.

प्रदेशाप्रदेशातला फरक इथंच कळतो. बाळंतपणातल्या मृत्यूंचे अभ्यासक तीन उशीर सांगतात : जायचं ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. कागलातून अडलेल्या बाईला घेऊन महामार्गानं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोचायला अर्धा-पाऊण तास पुरतो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवरून पावसाळ्यात तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांवर होती, नंदुरबारची ६४. म्हणजे तिथं पहिला आणि दुसरा, दोन्ही उशीर एकाच घराच्या वाट्याला येतात.

मग अख्खी पिढी शिकेपर्यंत थांबायचं का? मुळीच नाही. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले, तेव्हा तिथं हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत जात. त्यांनी हाताशी धरल्या त्या गावातल्याच बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, आणि नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला. थोडंफार शिकलेली, पण गावानं जिचं ऐकावं अशी एक बाई दारापर्यंत येते, तेव्हा आईच्या न झालेल्या शाळेची बरीचशी भरपाई होते.

आकडे वाचताना मात्र जपून. केरळचा ढोबळ मृत्युदर बिहारपेक्षा जास्त भरतो, कारण केरळात म्हातारी माणसं जास्त. पोरं पुण्या-मुंबईला आणि आई-बाप गावात, अशा आपल्याकडच्या गावांचंही तेच. वय जमेस न धरता केलेली तुलना फसवी. आणि शिक्षणाचा फार गर्वही नको : याच साक्षर कोल्हापूर जिल्ह्यात २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८६३, तर नंदुरबारात नऊशेच्या वर. सोनोग्राफीचं यंत्र शिकलेल्यांनाच आधी सापडलं.

कागल तालुक्यापुरतं बोलायचं, तर सगळ्यात मोठी दरी दिवाळीच्या सुमारास इथं येऊन उतरते. शाहू, हमिदवाडा, बिद्री या साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडाशेजारी कोप्या घालतात. मुलींची लग्नं लवकर, पोरांची शाळा अर्धवट, खाडा झाला तर पैसे कापणार म्हणून गरोदरपणातही डोक्यावर मोळी. या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण त्यांचं नाव इथल्या कुठल्याच यादीत नाही.

तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर गरोदर बायका आणि लहान पोरं किती, हे मुकादमाला विचारा आणि गावच्या आशाताईंना कळवा. सरकारी दवाखान्यात लस फुकट असते, आणि बीडचं लसीकरणाचं कार्ड कागलातही चालतं.