उघड्या मैदानांतील ध्वनिमुद्रण

'आयर्न मेडन' हा इंग्लंडांतील विख्यात हेवी मेटल वाद्यवृंद. ता. २२ ऑगस्ट १९९२ रोजीं डॉनिंग्टन येथील खुल्या महोत्सवांत झालेलें त्याचें गायन-वादन पुढें स्वतंत्र संग्रहरूपानें निघालें. ता. १ फेब्रुवारी २००८ रोजीं तो मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला. तेथील 'एसेस हाय' हें गीत 'फ्लाइट ६६६' (२००९) ह्या संग्रहांत आहे.

असें मुद्रण बिकट असतें. भिंती नसल्यामुळें नाद परत फिरत नाहीं. वारा तो वाहून नेतो. म्हणून प्रत्येक वाद्यापाशीं निराळा मायक्रोफोन ठेवितात व कांहीं श्रोत्यांकडे वळवितात. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. अर्थात् ३४ मीटरांवरील मायक्रोफोनास तोच ठोका एक दशांश सेकंद उशिरां पोंचतो. हे सर्व नाद मागाहून जुळवावे लागतात.

चुकलेला सूरही मागाहून सुधारतां येतो. परंतु तो किती सुधारावा? दुरुस्ती फार झाली, तर त्या रात्रीची साक्षच नाहींशी होते. आपल्या जिल्ह्यांतील जत्रेंत भजन ऐकतांना टाळमृदंगाइतकाच लोकांचा गजरही आपणांस हवासा वाटतो. तोच न्याय येथेंही लागू आहे.