पाण्यात बसून म्हशीचे केस गेलेले नाहीत

नेवासे तालुक्यात, प्रवरासंगमपासून नाथसागराच्या फुगवट्यापर्यंत, उन्हाळ्यात म्हशी नाकापर्यंत पाण्यात बसलेल्या दिसतात. अंगावर केस विरळ, कातडी काळीभोर. त्यांच्याकडे बघता बघता गोष्ट पाण्यातच राहणाऱ्या, जवळजवळ बिनकेसांच्या देवमाशावर जाते आणि गैरसमजांना सुरुवात होते.

गैरसमज : सतत पाण्यात राहिल्याने केस झडतात आणि पुढची पिढी बिनकेसांची जन्मते.

वस्तुस्थिती : गोठ्यातलं पारडू बघा. जन्मतःच त्याच्या अंगावर दाट केस असतात. केसांची मुळं गर्भातच ठरलेली असतात. पुढे जनावर वाढतं, कातडीचा पसारा वाढतो, मुळं मात्र तेवढीच राहतात. म्हणून मोठी म्हैस विरळ केसांची दिसते. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात, त्यात काळी कातडी ऊन शोषते, म्हणून ती पाणी शोधते. पाण्याने तिचे केस नेलेले नाहीत. खात्री करायची तर म्हैस भादरल्यावर काही आठवड्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवा, खुंट हाताला टोचतात. केस उगवणारी जनुकं तिच्यात शाबूत आहेत. ती जन्मभर डोहात बसली तरी तिच्या पारडाच्या जनुकांना त्याची खबर नसते.

गैरसमज : पाण्यातल्या सस्तन प्राण्यांना केस नकोच असतात.

वस्तुस्थिती : उत्तर पॅसिफिकमधल्या समुद्री पाणमांजराच्या अंगावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये लाखाच्या घरात केस असतात. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण तेवढेच. या लोकरीत हवा अडकते आणि ऊब टिकते. पण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि अडकलेली हवा निम्मी. खोल बुडी मारणाऱ्या देवमाशाचं काम त्यावर भागणारं नव्हतं. त्याची ऊब कातडीखालच्या चरबीच्या जाड थराने सांभाळली.

गैरसमज : नको होती म्हणून निसर्गाने केसांची जनुकं काढून टाकली.

खरा घोटाळा इथे आहे. जनुकांत बिघाड सगळ्याच प्राण्यांत होत असतात. केसांवाचून जगता येत नसेल, तर बिघाड झालेलं पिल्लू टिकत नाही आणि बिघाडही त्याच्याबरोबर संपतो. केसांची गरजच सरली की तोच बिघाड पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतो. गावात नळ आल्यावर आडावरचा रहाट मोडला तर तो कोण दुरुस्त करतं? चीनमधल्या नान्जिंगच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात ‘हेअरलेस’ नावाचं जनुक निकामी झालेलं आहे. ते नाहीसं झालेलं नाही. मजकूर जागेवर आहे, पण त्यातून कामाचं प्रथिन तयार होत नाही. हेच जनुक माणसात बिघडलं तर बाळ केसांसह जन्मतं, मग ते केस गळतात आणि पुन्हा उगवत नाहीत. केसांचं केराटिन बनवणारी कितीतरी जनुकंही देवमाशात अशीच मोडली आहेत.

६२ सस्तन प्राण्यांची जनुकं ताडून पाहणारा अमेरिकन अभ्यास २०२२ मध्ये आला. हत्ती, गेंडा, माणूस, डॉल्फिन यांच्या वंशांत केस आपापल्या वाटेने कमी झाले, असं त्यातून दिसलं. हत्ती आणि माणूस तर पाण्यात राहणारे नाहीत. एकटं पाणी कारण मानणाऱ्यांना एवढं पुरेसं आहे.

गैरसमज : देवमाशाला एकही केस नसतो.

वस्तुस्थिती : आपल्या अरबी समुद्रातल्या हम्पबॅक देवमाशाच्या डोक्यावर गाठी असतात आणि प्रत्येक गाठीत केसाचं एकेक मूळ.

देवमाशाचं म्हशीसारख्या खूरवाल्या प्राण्यांशी असलेलं नातं मात्र खरं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आजच्या प्राण्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा. जुन्या देवमाशांचे अवशेष कच्छच्या खडकांत मिळाले, तर जम्मू-काश्मीरमध्ये सापडलेला सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा इंडोहायस हा त्यांच्या कुळाजवळचा लहानसा खूरवाला प्राणी. म्हणजे देवमाशाला सीलपेक्षा आपली म्हैस जवळची.

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे, आयुष्यात झालेले बदल पुढच्या पिढीत उतरतात असं मांडणारा लॅमार्कही आहे. जिल्ह्यातल्या शिक्षकांना विनंती : तो धडा घेताना मुलांना एकदा गोठ्यात न्या, पारडू आणि भादरलेली म्हैस शेजारी शेजारी दाखवा.