चिक्कीतल्या गुळासाठी बफर कोणता?

लोणावळ्याच्या चिक्कीतला गूळ कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने तपासायचा, तर खरा प्रश्न बफरचा. ग्लुकोज, फ्रुक्टोज या साखरांवर विद्युतभार नसतो. ७ पीएचच्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये त्या सगळ्या एकत्रच वाहत जातात. इथे बोरेट घ्या! त्याचा पीकेए सुमारे ९.२. त्या पीएचच्या आसपास बोरेट साखरेच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतं, ऋणभारित संयुग तयार होतं आणि प्रत्येक साखर आपापल्या वेगाने निघते. रसायनशास्त्रातली इतकी देखणी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. सुक्रोजवर मात्र बोरेटची पकड सैल.

बफर पीएच पीकेएच्या एक अंक वर-खालीच नीट सांभाळतो. आणि तो फार दाट करू नका, प्रवाह वाढून नळी तापते, शिखरं पसरतात.