स्टेशन आधी, गाव मागाहून

सामान्यतः गाव आधी वसते आणि आगगाडी मागाहून त्याच्या वेशीशी येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर स्टेशनाची कथा मात्र नेमकी उलट आहे.

मुंबईहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दोन वाटा होत्या. एक भुसावळकडे, दुसरी पुण्यावरून रायचुराकडे. घाट न उतरता या दोहोंस देशावरच जोडणारा दौंड-मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. १८७६-७८ च्या घोर दुष्काळात उपाशी माणसांनी पोटासाठी त्याच्या मातीकामाच्या टोपल्या वाहिल्या होत्या.

त्याच १८७८ साली मुंबईस बोरीबंदरी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याची भव्य इमारत उभी राहू लागली. तिचा घुमट, कमानी आणि कोरीव दगड पुरे होण्यास दहा वर्षे लागली. दुष्काळी मुलखातील मार्गास असा थाट कोठून मिळावा? येथील स्टेशनास नावदेखील उसनेच मिळाले. ते दोनएक कोसांवरच्या, प्रवराकाठच्या बेलापूर गावाचे.

रूळ आले, तरी भाग्य लगेच आले नाही. त्यास पाण्याची वाट पाहावी लागली. प्रवरेचे कालवे व १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण यांच्या बळावर ऊस पिकू लागला. हरेगावी साखर कारखाना उभा राहिला. मालास बाजार हवा आणि बाजारास स्टेशन. रुळांच्या कडेस पेठ वाढली, तिचेच पुढे श्रीरामपूर झाले. मूळ बेलापूर मागे पडले. परंतु स्टेशनाने त्याचे नाव दीर्घकाळ सांभाळले.

जे येथे आपोआप घडले, तेच नवी मुंबईतील दुसऱ्या बेलापुरी योजून घडविण्यात आले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या शहराच्या आराखड्यातच उपनगरी गाडीस स्थान दिले. १९९३ साली लोकल तेथे पोहोचली आणि स्टेशनाच्या संकुलातच कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले.

तथापि इमारतीच्या थाटावरून स्टेशनाची थोरवी ठरवू नये. दौंड-मनमाड मार्गाने सहकुटुंब जाण्याचा योग आल्यास खिडकीबाहेरचा मातीचा भराव मुलांना अवश्य दाखवावा. बोरीबंदरच्या शिल्पकाराचे नाव आपण जाणतो; हा भराव ज्यांनी रचला, त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत.