नाव एकदाच विचारले जाते

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडमधला शेतकरी आज गट नंबर टाकून डिजिटल सहीचा सातबारा काढतो. महाराष्ट्रात ही सोय 1 मे 2018 रोजी सुरू झाली. तिच्याबद्दल बोलताना आपण सर्व्हर डाऊन आहे का, सही उमटली का, नोंद बरोबर आहे का, एवढेच बोलतो. पण सातबारा असो, कारखान्याचा ऊसबिलाचा तक्ता असो की दहावीचा निकाल, संगणकावरची साठवलेली नोंद कोणत्या ना कोणत्या फाइलमध्ये असते आणि ती वाचण्याआधी कोणत्या तरी प्रोग्रामला ती फाइल ऑपरेटिंग सिस्टिमकडून उघडून घ्यावी लागते. उघडून घेण्याच्या या क्रियेला ओपन हा सिस्टिम कॉल म्हणतात. एवढी साधी वाटणारी आणि एवढी विचारपूर्वक घडवलेली यंत्रणा संगणकशास्त्रात दुसरी क्वचितच असेल. तिचा सगळा अर्थ एका निर्णयात आहे: फाइलचे नाव आणि मागणाऱ्याचा हक्क यांची शहानिशा एकदाच, उघडताना करायची, नंतर नाही.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली आणि नोव्हेंबर 1971 मधल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ओपन आहेच. तेव्हा नवी फाइल तयार करण्यासाठी वेगळा कॉल होता; पुढे तेही काम ओपनच्याच अंगावर आले. रेंगाळावे असे खरे ठिकाण आहे ती आतली हालचाल. 64 बिटच्या इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, असेंब्लीत लिहिणारा माणूस आरएएक्स या रजिस्टरमध्ये 2 हा आकडा ठेवतो, कारण तिथल्या सिस्टिम कॉलच्या यादीत वाचणे 0, लिहिणे 1, उघडणे 2 आणि बंद करणे 3 आहे. आरडीआयमध्ये नावाचा मेमरीतला पत्ता जातो, आरएसआयमध्ये फक्त वाचायचे की लिहायचेही, हे जाते. मग एकच सूचना, सिस्कॉल, आणि प्रोग्राम थांबतो. कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, हाती जातो. कर्नल सर्वांत आधी ते नाव स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो. तपासणी चालू असताना प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याने मूळ नाव बदलले तरी फरक पडू नये, म्हणून हा खटाटोप. मग एकेक डिरेक्टरी ओलांडत, प्रत्येक ठिकाणी परवानगी पाहत तो फाइलपर्यंत पोहोचतो आणि एक छोटा आकडा परत देतो. 0, 1 आणि 2 हे आधीच कीबोर्ड-पडद्यासाठी गुंतलेले असल्याने पहिला आकडा बहुधा 3 असतो. नकार असेल तर ऋण आकडा येतो: -2 म्हणजे अशी फाइल नाही, -13 म्हणजे परवानगी नाही.

तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज, ओळख आणि शुल्क तपासून एकदा दप्तर टेबलावर आले की प्रत्येक पान उलटताना कुणी पुन्हा ओळखपत्र मागत नाही. तसा हा व्यवहार आहे. पण इथे तो अधिक कडवा आहे. फाइल उघडल्यावर तिच्या मालकाने परवानगी काढून घेतली, तरी आकडा हातात असलेला प्रोग्राम वाचत राहतो. फाइलचे नाव डिरेक्टरीतून पुसून टाकले, तरी शेवटचा आकडा बंद होईपर्यंत मजकूर डिस्कवरून जात नाही. म्हणजे उघडल्यानंतरचे नाते नावाशी राहत नाही. ते थेट त्या वस्तूशी जुळते.

यावर सरळ आक्षेप असा की ही ढिलाई आहे. परवानगी काढली तर ती त्याच क्षणी संपली पाहिजे. प्रत्येक वाचनाला तपासणी का नको? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1980 च्या दशकात काढलेल्या एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल-व्यवस्थेत सर्व्हरला ओपन हा प्रकार ठाऊकच नव्हता. सर्व्हरने कुणाची आठवण ठेवायची नाही, प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे तपासायची, असे तिचे धोरण होते. फायदा मोठा होता: सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चालू राही. पण उघडलेली फाइल चालत राहणार, या गृहीतावर बांधलेले प्रोग्राम मध्येच अडखळू लागले, तेव्हा मालकाला परवानगीची पर्वा न करता वाचू देण्याची सवलत ठेवावी लागली. चौथ्या आवृत्तीत ओपन परत आले. माझ्या मते हा पुरावा पुरेसा आहे. दर वेळी तपासणे म्हणजे अधिक सुरक्षितता, असे आपोआप होत नाही. काम अर्ध्यावर तुटण्याची नवी जागाही त्यातून तयार होते.

खरा धोका उलट्या बाजूने येतो. आधी फाइल आहे का, हक्क आहे का, हे वेगळ्या कॉलने विचारायचे आणि मग उघडायचे, ही पद्धत सभ्य वाटते, पण त्या दोन कॉलच्या मधल्या फटीत दुसरा प्रोग्राम त्या नावाखाली वेगळीच वस्तू ठेवू शकतो. मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी 1996 मध्ये या फटीचा पद्धतशीर अभ्यास मांडला, आणि तशा चुका आजही सापडतात. उपाय ओपनच्याच स्वभावात आहे. आधी विचारू नका. उघडा, नकार आला तर तो हाताळा, आणि जे तपासायचे ते हाती आलेल्या आकड्यावर तपासा. नवी फाइल करताना ‘आधीच असेल तर नकार दे’ ही खूण त्याच कॉलमध्ये देता येते. विचारणे आणि मिळणे यांत अंतर उरत नाही.

हे सगळे कर्नल लिहिणाऱ्यांसाठी ठीक, पण पायथन किंवा जावामध्ये काम करणाऱ्याला याच्याशी काय घेणे, असा प्रश्न पुण्यातल्या कोणत्याही कॉलेजात विचारला जाईल. प्रोग्रामने केलेले सिस्टिम कॉल दाखवणारे एसट्रेस नावाचे साधन लावून पाहिले की उत्तर समोर येते: पायथनची एक ओळही शेवटी ओपन-ॲट या ओपनच्या भावंडालाच हाक मारते. वरची भाषा नकाराला सौम्य शब्द देते, नकार मात्र तिथूनच येतो. आणि मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला एक खास नकार येतो.

कर्नलला नावातली अक्षरे कळत नाहीत. शून्य बाइट आणि तिरपी रेघ सोडून बाकी सर्व बाइट त्याला सारखेच. ‘व’ म्हणजे त्याच्या दृष्टीने ई0, ए4, बी5 असे तीन बाइट. ‘वरवंड’ म्हणजे पंधरा. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट4 व्यवस्थेत एका नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे रोमनमध्ये 255 अक्षरे आणि देवनागरीत काना-मात्रा-अनुस्वार धरून 85 चिन्हे. ‘ग्रामपंचायत’, ‘अतिवृष्टी’, ‘अनुदान’, ‘लाभार्थी’ असे शब्द जोडत गेलेले सरकारी थाटाचे नाव ही मर्यादा सहज गाठते. पण लांबी ही किरकोळ अडचण. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने आणि हलन्ताने लिहिता येतो. साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा मार्गानेही तेच रूप पडद्यावर उमटते. पहिल्या प्रकारात शब्द 33 बाइटांचा होतो, दुसऱ्यात 36. एका संगणकावर एका कीबोर्डने यादी साठवली, दुसरीकडे दुसऱ्या कीबोर्डने तेच नाव टाइप केले, की उत्तर येते: -2, अशी फाइल नाही. ती समोर दिसत असते.

मग कर्नलनेच दोन्ही रूपे एक मानावीत, असे म्हणावेसे वाटते. तेही सोपे नाही. युनिकोडचे ठरलेले समानीकरण या दोन रूपांना समान धरत नाही. अदृश्य जोडचिन्ह सरसकट गाळायचे ठरवले, तर जोडचिन्हाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्राच्या ‘दर्या’ या दोन वेगळ्या फाइली एक ठरतील, आणि एकीच्या जागी दुसरी उघडेल. तोच आकडा हातात धरून प्रोग्राम मग शेवटपर्यंत चुकीच्या फाइलवर लिहीत राहील, कारण नाव पुन्हा कुणी विचारणार नाही. नकार परवडला, चुकीची फाइल परवडत नाही. म्हणून कर्नलने बाइट जसेच्या तसे घ्यावेत हेच मला योग्य वाटते. नावांची एक रीत ठरवण्याचे काम मराठी कीबोर्ड आणि मराठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी करायचे आहे: साठवताना ‘ऱ’चे एकच रूप वापरायचे, आणि जुन्या फाइली शोधताना नाव नव्याने टाइप करून घेण्याऐवजी डिरेक्टरीची यादी वाचून तिच्यात सापडलेले बाइट तसेच ओपनला द्यायचे.