चुना टाकण्यापूर्वी माती तपासा

जळगाव-धुळ्याकडील आपले बरेच व्यापारी आणि कारागीर बांधव दुकान किंवा मागाच्या जोडीला गावाबाहेर अर्धा-एक एकर जमीन घेतात, चार बकऱ्या पाळतात आणि त्यांच्यासाठी लसूणघास, मका लावतात. मोबाइलवरच्या परदेशी चित्रफिती पाहून अशा जमिनीत चुन्याच्या गोण्या ओतण्याचा विचार काहींच्या मनात येतो. अमेरिकेत शिकारीचे शौकीन हरणांसाठी चाऱ्याचे तुकडे पेरतात आणि आधी चुनखडीची भुकटी टाकतात, हे खरे. पण तिकडची ती जमीन आंबट असते.

आंबटपणाचे माप म्हणजे सामू. ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. कोकणातला मुसळधार पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, म्हणून तिथल्या जांभ्या जमिनीत चुना टाकणे कामाचे ठरते. खानदेशात पाऊस बेताचा, चुना जागीच राहतो. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. नांगरटीत वर येणारे पांढरे खडे चुनखडीचेच.

व्यापारी हिशेब करू. एका एकरात वीतभर थराची माती सुमारे ९ लाख किलो भरते. तिच्यात शेकडा ५ चुनखडी धरली, तर ४५ हजार किलो चुना आधीच पडून आहे. त्यावर ५० किलोच्या १० गोण्या विकत आणून टाकायच्या कशासाठी?

पैसा वाया जातोच, शिवाय चुना जास्त झाला की लोह, जस्त व स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. कोवळे पान पिवळे पडते, शिरा हिरव्या राहतात. लोक युरिया टाकतात, फरक पडत नाही. तिथे लिटरला ५ ग्रॅम हिराकस व थोडे लिंबूसत घालून फवारा लागतो. हिराकस आपल्या रंगारी बांधवांच्या ओळखीचाच. सुताला सोडा आणि रेशमाला आम्ल, हेही ते जाणतात; मातीचे तसेच आहे. लसूणघासाला तर किंचित अल्क जमीन मानवते.

जिप्सम ही वेगळी चीज आहे. ते चोपण जमिनीसाठी, म्हणजे सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तिथे, तेही तपासणीनंतरच.

घरी अंदाज घ्यायचा तर कोरड्या ढेकळावर सिरका टाकावा. बुडबुडे आले की चुना आहे. पक्की तपासणी कृषी खात्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत होते. कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. शेतातल्या ८-१० जागांची वीतभर खोलीची माती काढून एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो द्यावी. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नये. कोऱ्या मांजरपाटाची पिशवी उत्तम.