साक्षरता वर्गाचा पहिला दिवस

यंदा आपल्या बऱ्याच बचत गटांनी ठरवलंय की कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय हे न कळता अंगठा लावणारी एकही बाई गटात राहायला नको. ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षर माणसाला नाव नोंदवता येतं, आणि शिकवायला गावातलेच स्वयंसेवक असतात. म्हणजे वर्ग सुरू करणं आता फार अवघड नाही. अवघड आहे तो दुसऱ्या दिवशी भरवणं. पहिल्या दिवशी ओसरी भरून जाते आणि आठवड्याने चार-पाचजणीच उरतात. मग लोक म्हणतात, बायकांना शिकायची हौसच नाही. आम्हाला ते पटत नाही. पहिल्या दिवशी चारचौघीत ओशाळलेली बाई दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त सांगते, आणि निमित्ताला आपल्याकडे काय तोटा?

म्हणून आधी वेळ ठरवा, आणि ती शिकणाऱ्या बायकांना विचारूनच ठरवा. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती. दिवसभर राबणारं माणूस दिवसा कसं येणार? खुरपणी जोरात असताना वर्ग सुरू करू नका. घरी बोलवायला जाल तेव्हा तिच्या सासूशी, नवऱ्याशीही दोन शब्द बोला, म्हणजे निघताना उंबऱ्यात तिला कुणी अडवणार नाही.

जागेचं थोडं स्पष्टच बोलतो. देऊळ सोयीचं असतं, पण महिन्यातले चार दिवस काहीजणी पायरी चढत नाहीत. आणि काही घरातल्या बायका देवळात यायला अजूनही बिचकतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत नाही एवढंच. अंगणवाडी किंवा समाजमंदिर पाहा. जिथे सगळ्याजणी न संकोचता खाली एका सतरंजीवर बसतील ती जागा चांगली. शाळेतले लहान पोरांचे बाक मात्र नकोत, त्यात गुडघे मावत नाहीत.

उद्‌घाटन करायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी करा. नारळ, हार आणि पाहुण्यांची भाषणं यांत तास संपतो आणि बाई एक अक्षरही न शिकता घरी जाते. फोटोही त्या दिवशी नको. आपण निरक्षर आहोत हे गावाच्या ग्रुपवर पाहायला कुणाला आवडेल? ‘कोणाकोणाला वाचता येत नाही, हात वर करा’ असं तर विचारूच नका. हजेरीसाठी शाईचा पॅड काढू नका. जे सोडायला ती आली, तेच दारात पुढे करायचं का?

त्याऐवजी जाड कागदाची कार्डं करून ठेवा आणि त्यावर एकेकीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. पण लिहिण्याआधी तिला विचारा, ‘मावशी, कुठलं नाव लिहू?’ आपल्याकडे लग्नात कितीतरी जणींचं नाव बदलतं. आधारवर एक, पासबुकावर दुसरं आणि मनात माहेरचं तिसरं. सहीसाठी कागदावरचं नाव लागणारच, पण पहिल्या दिवशी तिला जे आपलं वाटतं ते लिहा. हवं तर कार्डाच्या मागच्या बाजूला दुसरं लिहा. जाताना कार्डं सतरंजीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर जिने तिने आपलं कार्ड उचलायचं. हीच हजेरी. आणि कार्ड शोधताना ती वाचायला लागलेलीच असते.

लगेच सगळं नाव लिहायला लावू नका. कमल किंवा शारदा लिहिणं सोपं आहे, पण लक्ष्मी, द्रौपदी, कौसल्या या बिचाऱ्यांनी काय करायचं? शेजारणीचं नाव झालं आणि आपलं होत नाही, म्हणजे आपलंच डोकं चालत नाही असं त्यांना वाटतं. दोष त्या जोडाक्षराचा असतो. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी फक्त पहिलं अक्षर गिरवायचं.

तेही आधी बोटाने, ताटात पसरलेल्या राखेत किंवा पिठात. रांगोळी काढणाऱ्या बोटांना वळण आधीच माहीत असतं. पेन्सिल धरली की खुरप्याचा जोर तिच्यात येतो आणि टोक मोडतं, म्हणून पहिले काही दिवस पाटी आणि जाड खडू बरा. अक्षर दिसत नसेल तर लगेच मंदबुद्धी समजू नका, चाळिशी लागलेली असेल. तांदळातले खडे दिसतात का, सुईत दोरा ओवता येतो का, एवढं सहज विचारा. नसेल तर आधी डोळे तपासून चष्मा घ्यायला सांगा. उजेड मात्र चांगला हवा.

आता खरी गंमत. प्रत्येकीला वीस रुपयांची नोट आणायला सांगा. एका बाजूला वेरूळचं लेणं आहे. ही नोट कशी ओळखता, असं विचारलं की सगळ्या बोलायला लागतात: रंगावरून, आकारावरून, चित्रावरून. त्या बाजूला एका पट्टीत पंधरा भाषांतल्या ओळी आहेत. वरून मोजा आणि आठव्या ओळीवर बोट ठेवा. वरूनही आठवी आणि खालूनही आठवीच. तिथे मराठीत ‘वीस रुपये’ लिहिलंय. पट्टीत आणखीही काही ओळी आपल्यासारख्याच अक्षरांत आहेत, तेव्हा मोजूनच बोट ठेवा. अक्षरं फार बारीक आहेत, म्हणून तेच शब्द फळ्यावर मोठे लिहा. इतकी वर्षं कनवटीला बांधलेल्या नोटेवर मराठी होतं हे पाहून बायका हसतात. अननसाच्या चित्रावरून ‘अ’ शिकवण्यापेक्षा आम्हाला हे बरं वाटतं.

शिकवणारी बहुतेक कुणाची तरी सून किंवा लेक असते. सासूला सुनेपुढे पाटी धरायची म्हणजे अवघडच. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन यायच्या आणि शिकवायला गावातलीच एक सून होती. तिथे जमलं, तर आपल्याकडेही जमेल. फक्त सुनेने वर्गातही ‘आत्याबाई, तुम्ही’ असंच बोलावं, आणि ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी शेजारी बरोबर अक्षर काढून दाखवावं. नातवंडं सोबत आली तर येऊ द्या. पण आजीच्या आधी उत्तर ओरडून सांगणाऱ्याला पाणी आणायला पाठवा.

शेवटी परीक्षाही असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं. पण पहिल्या दिवशी तिचं नावही काढू नका.

तासाभराने वर्ग सोडाच, रंगला असला तरी. उठताना सांगा, उद्या घरातली एक छापील वस्तू आणा. चहाचा पुडा, बियाण्याची पिशवी, वीजबिल, काहीही चालेल. आणि जी बाई आज न बोलता मागे बसून गेली, तिच्या घरावरून सकाळी जाताना एवढंच विचारा, ‘काकू, संध्याकाळी बरोबरच जाऊ ना?’